सही तेवढी करा, सिस्टर

मी डॉक्टर नाही. हे वाक्य जितकं उशिरा उच्चारता येईल तितकं उशिरा उच्चारण्याचं कसब मी तीस वर्षांत कमावलं आहे. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर कोणी गुडघा पुढे केला की मी तो आधी दाबून बघतो, "हं" म्हणतो, "चढताना दुखतो की उतरताना?" असं विचारतो, आणि गुडघ्याच्या मालकाचं पूर्ण समाधान झालं की सांगतो, "तरी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या." त्यावर तो चमकून म्हणतो, "म्हणजे? तुम्ही..." तोवर माझी पुढची फेरी सुरू झालेली असते.

मी हॉस्पिटलांतल्या सिस्टरांना नवीन यंत्रं चालवायला शिकवतो. कार्डावर 'क्लिनिकल अ‍ॅप्लिकेशन स्पेशालिस्ट' असं छापलंय. त्या तीन शब्दांतला एकही आमच्या आईच्या तोंडी कधी बसला नाही. ती सांगायची, "हा हॉस्पिटलात मशिनी शिकवतो." लग्न ठरवायला आलेल्या सासऱ्यांनी विचारलं, "मशिनींना?" आई म्हणाली, "नाही हो, नर्सबायांना." सासरे शाळामास्तर होते. ते म्हणाले, "मशिनींनाच शिकवलं असतं तर बरं होतं. वर्गात बोलत तरी नाहीत." हे खोटं आहे. मशिनी वर्गात अखंड बोलतात. त्याच्याकडे पुढे येतोच.

आमच्या धंद्याची रीत अशी. सेल्सवाला यंत्र विकतो, पेढे खातो आणि जातो. मागे उरतं ते यंत्र, खोक्यातला थर्माकोल आणि मी. सेल्सवाल्याने "सिस्टर, अगदी सोप्पं आहे, एक बटण दाबायचं" असं सांगून ठेवलेलं असतं. उरलेली सत्तावीस बटणं माझ्या वाट्याला येतात. तरीही सुरुवातीची वर्षं मी फार तोऱ्यात काढली. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टाय, हातात लेझर पॉइंटर. बायको म्हणाली होती, "तू डॉक्टर नाहीस, इंजिनियर नाहीस, सेल्समनही नाहीस म्हणतोस. मग हा टाय नक्की कोणाचा?"

पहिला वर्ग घेतला १९९६ साली. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या इन्चार्ज सिस्टरांच्या हाती हा लेख पडला तर त्या शुद्धलेखनासकट तपासतील. सलाईन ठरलेल्या वेगाने सोडणारा पंप होता. मी चाळीस मिनिटं बोललो. हे बटण, ते बटण, हा दिवा, तो दिवा, बॅटरी किती तास, वायर कुठली. बाई मागच्या खुर्चीत बसून औषधांची वही भरत होत्या. माझं झाल्यावर त्यांनी वही मिटली, चष्मा वर केला आणि "झालं?" असं विचारून पंपापाशी आल्या. एप्रनला पिनने उलटं लावलेलं घड्याळ त्यांनी दोन बोटांत धरलं आणि ड्रिपच्या नळकांडीत पडणाऱ्या थेंबांकडे बघत राहिल्या. पंधरा सेकंद. वर्गात कोणी श्वास घेत नव्हतं.

"पाच," त्या म्हणाल्या. "म्हणजे मिनिटाला वीस-एकवीस. वीस थेंबांचा एक एमएल. पाचशेची बाटली आठ तासांत संपणार. तुमचं मशीन काय म्हणतंय?"

मशीन ताशी साडेबासष्ट म्हणत होतं. पाचशे भागिले आठ, साडेबासष्ट.

"तेच म्हणतंय," मी म्हणालो.

"कितीला पडलं?"

मी किंमत सांगितली.

"माझं एचएमटी लग्नात आलंय," बाई म्हणाल्या.

वर्ग हसला. टायची गाठ मला एकाएकी घट्ट वाटायला लागली. पण तरुण होतो, हट्टाला पेटलो. म्हटलं, बाई, थेंब मोजणं तुम्हाला जमतं, पण सहा पेशंटचे थेंब एकदम मोजता येतील का? आणि ब्लडप्रेशर टिकवायचं औषध तासाला दोन एमएल द्यायचं असेल तर थेंब मोजून कसं द्याल? पेशंटने हात हलवला, बाटलीची उंची बदलली, तर तुमचे वीस थेंब तीस झालेले रात्री कोणाला कळणार? बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे आधी सांगायचं होतं. यंत्र कशाला आणलंय ते शेवटी सांगितलंत, तेही मी खोडी काढली म्हणून. चाळीस मिनिटं नुसती बटणं! बटणं काय, लिफ्टलाही असतात."

शिकवणं म्हणजे काय ह्याचं माझं सगळं शिक्षण त्या दोन मिनिटांत झालं. हे कबूल करायला मात्र मला पंधराएक वर्षं लागली. दरम्यान मी टाय बदलले.

शिकवणाऱ्या माणसाचं सगळ्यात मोठं व्यसन म्हणजे समोरच्याने मान हलवणं. मी मानांचा व्यासंगी आहे. एक मान असते ती "समजलं" म्हणणारी. दुसरी "समजलं, आता सोडा, सात नंबरचं सक्शन बाकी आहे" म्हणणारी. तिसरी मान सकाळी सातपासून ड्युटी केलेली असते. ती हलत नसते, पेंगत असते. सगळ्यात फसवी चौथी. ती अगदी बरोबर जागी हलते, गवयाच्या समेवर हलावी तशी, आणि तिला काडीचंही कळलेलं नसतं. ही मान मी नक्की ओळखतो, कारण ती माझीच आहे. मुलगी मला फोनवर पैसे पाठवायला शिकवते तेव्हा मी असाच डोलतो. ती म्हणते, "बाबा, समजलं?" मी म्हणतो, "हो, अगदी." मग ती फोन माझ्या हातात देते आणि म्हणते, "आता तू कर." त्या वेळी माझ्या अंगठ्याला जो घाम फुटतो त्यावर फोन माझा ठसाही ओळखत नाही.

शिवाजी पार्कच्या कट्ट्याच्या आतल्या बाजूला, क्रिकेटच्या नेटमध्ये, प्रशिक्षक आचरेकर सर स्टंपवर नाणं ठेवून मुलांना खेळायला लावायचे. आउट केलंस तर नाणं तुझं, नाबाद राहिला तर नाणं बॅटवाल्याचं. कव्हर ड्राइव्हची चाळीस मिनिटं ट्रान्सपरन्सी दाखवल्याचं ऐकिवात नाही. मी ह्याच मैदानाला रोज पाच फेऱ्या मारत होतो आणि दुपारी जाऊन चाळीस स्लाइड दाखवत होतो. बाजूला शाळा असून मूल ढ राहावं, त्यातला प्रकार.

आता यंत्रांच्या बोलण्याकडे येतो. हा माझा आवडता विषय आहे, तेव्हा ज्यांना घाई आहे त्यांनी पुढचं थोडं सोडून वाचावं. बायको गेली वीस वर्षं सोडूनच ऐकते.

 शिवाजी पार्क हे २०१० साली हायकोर्टाने शांतता क्षेत्र ठरवून दिलं. हॉस्पिटलच्या भोवतीचे शंभर मीटरही शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात. बाहेर हॉर्नवर फुली मारलेली पाटी असते. आत, आयसीयूच्या दाराशी, 'कृपया शांतता राखा' असतं. आणि ते दार ढकललं की दादरच्या फुलबाजारात पहाटे पाचला असावा तसा कालवा. मॉनिटर बीप करतो, व्हेंटिलेटर बीप करतो, पंप बीप करतो, गादीत हवा भरणारा मोटार-डबा करतो, आणि हे सगळं बंद करायला आलेल्या डॉक्टरांचा फोन करतो. शांतता राखायची ती फक्त नातेवाइकांनी.

ह्या गोंगाटाला शिस्त लावावी म्हणून ह्या शतकाच्या सुरुवातीला वैद्यकीय यंत्रांच्या अलार्मसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक झालं. त्याचा क्रमांक ६०६०१-१-८. मला तो स्वतःच्या गाडीच्या नंबरापेक्षा पाठ आहे. त्यात ठरलं की अगदी तातडीचा अलार्म दहा ठोक्यांचा: तीन आणि दोन, पुन्हा तीन आणि दोन. मध्यम तातडीचा तीन ठोक्यांचा. साधा असेल तर एक किंवा दोन. इथवर ठीक होतं. पुढे कोणाच्या तरी मनात आलं की नुसते ठोके कशाला, प्रत्येक प्रकारच्या संकटाला वेगळी चाल देऊ. म्हणजे सिस्टरांनी न बघता ओळखावं, की हा हृदयाचा, हा श्वासाचा, हा औषधाचा.

हे वाचलं त्या संध्याकाळी मी धावत कट्ट्यावर गेलो. आमच्यात एक पेटीवाले काका आहेत. गिरगावात असताना त्यांनी भजनी मंडळांना साथ केली, दादरला आल्यावर गवयांना केली, आणि आता ऐकणाऱ्याच्या सहनशक्तीला करतात. त्यांना म्हटलं, "काका, तापाचा अलार्म ऐका. सा रे ग, म प."

"वा!" काका म्हणाले. "ताप चढतोय. आरोह. कोणीतरी जाणकार दिसतो."

"आता ऑक्सिजन कमी झाल्याचा. वरचा सां, नी ध, मग प म."

काकांनी डोळे मिटून तो गुणगुणला. "अवरोह. बरोबर. पण मध्यमावर सोडून दिलं? खाली षड्जावर यायला नको?"

"षड्जावर आला तर पेशंट गेला, काका."

काका थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "हृदयाचा?"

"सा ग प, प सां."

"सा ग प?" काका कट्ट्यावरून जवळजवळ खाली उतरले. "अरे, मालश्री! तीन स्वरांचा राग! मैफलीत कोणी गात नाही रे हल्ली. आणि तुम्ही तो अतिदक्षता विभागात लावलाय?"

कृत्रिमरीत्या रक्ताभिसरण चालू ठेवणाऱ्या यंत्राची चाल षड्ज आणि तीव्र मध्यमाची. ती काकांना फार आवडली. म्हणाले, संध्याकाळची वेळ आहे, शोभतंय. औषधाच्या पंपाची सां रे प, सां रे. ती त्यांनी नापास केली. "ही चाल नव्हे, ही जिन्यावरून पाय घसरणं आहे." सर्वसाधारण अलार्म म्हणजे सा सा सा, सा सा. त्यावर, "हा आमच्या पुतण्याचा रियाज."

मी एवढा भारावलो की पुढच्या ट्रेनिंगला छोटा कीबोर्ड घेऊन गेलो. अठरा सिस्टर बसल्या होत्या. मी ताप वाजवला, ऑक्सिजन वाजवला, हृदय वाजवलं. परीक्षा घेतली. अठरांपैकी एका सिस्टरांनी सगळे अचूक ओळखले. त्या चर्चच्या गायनात होत्या. उरलेल्यांनी तापाला हृदय म्हटलं आणि हृदयाला कचऱ्याची गाडी. मला वाटलं, माझ्याच शिकवण्यात खोट. पुढे कळलं की परदेशातही ह्यावर अभ्यास झाले आणि सराव करूनसुद्धा ऐकणाऱ्यांची गल्लत होते असंच दिसलं. पुष्कळ कंपन्यांनी चाली कधी घातल्याच नाहीत. त्यांची यंत्रं एकाच स्वरात बोंबलतात. शेवटी २०२०च्या सुधारणेत चालींची जागा ओळखीच्या आवाजांनी घेतली. हृदयासाठी हृदयाची धडधड, औषधासाठी गोळ्यांच्या डबीचा खुळखुळाट. आमच्या आईला विचारलं असतं तर तिने पहिल्याच दिवशी हे सांगितलं असतं. कुकरला कोणी यमन शिकवत नाही.

काकांना ही सुधारणा अजून सांगितलेली नाही. त्यांनी मालश्रीचं मनाला लावून घेतलंय.

खरं म्हणजे सिस्टरांना ना चालींची गरज होती ना माझी. एकदा एका आयसीयूत मी पंपाच्या अलार्मवर बोलत होतो. पलीकडे टेबलाशी एक सिस्टर आमच्याकडे पाठ करून, खांद्याने कानाशी फोन धरून, रक्तपेढीशी भांडत होत्या. कुठलासा पंप ओरडला. मी लेझर पॉइंटर उगारून विजयाने म्हणालो, "आता सांगा, हा अलार्म कशाचा?" फोनवर हात ठेवून, मान न वळवता त्या म्हणाल्या, "सहा नंबरने कोपर दुमडलंय. मावशी, आजोबांचा हात सरळ करा." वॉर्डातल्या मावशींनी केला. पंप गप्प झाला. सिस्टर पुन्हा रक्तपेढीवर घसरल्या. माझी त्यावरची स्लाइड अजून यायची होती. नळी कोंडण्याची सात कारणं. मी ती दाखवली. आता दाखवणार नाही तर काय करणार.

२०२० साली, कोविडमध्ये, माझ्या आत्मप्रौढीला सोन्याचे दिवस आले. सगळ्या जगाचं लक्ष आमच्या जी नॉर्थ वॉर्डातल्या धारावीकडे होतं आणि आमच्या सोसायटीचं माझ्याकडे. घराघरांत ऑक्सिमीटर आले. कालपर्यंत "मशिनवाले की काय ते" अशी माझी ओळख असलेले लोक बोटाला चिमटा लावून व्हिडिओ कॉल करायला लागले. मी शर्ट बदलून फोन घ्यायचो. एका रात्री अकराला चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला, "अरे, एक्याऐंशी दाखवतोय!" ठणठणीत आवाजात. एक्याऐंशी असलेलं माणूस एवढ्या आवाजात बोलत नाही. म्हटलं, काकू, बोट दाखवा. बोटाला गडद निळं नेलपॉलिश. हे यंत्र नखातून तांबडा आणि दृष्टीला न दिसणारा असे दोन प्रकाश सोडतं आणि पलीकडे कुठला किती पोचला त्यावरून रक्तातला ऑक्सिजन ओळखतं. वाटेत निळा रंग आडवा आला की हिशेब चुकतो. काकू चौऱ्याहत्तरच्या. म्हणाल्या, "सगळं बंद आहे, बघतंय कोण, म्हणून सुनेचं लावून पाहिलं. तिला सांगू नकोस." दुसऱ्या बोटाचं पुसून लावायला सांगितलं. सत्त्याण्णव. सून शेजारीच उभी होती.

ह्या यंत्रामागचं तत्त्व शोधलं ताकुओ आओयागी नावाच्या जपानी इंजिनियरने, १९७०च्या दशकात. ते गेले एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे सगळं जग नेमकं त्यांचा शोध बोटाला लावून बसलं होतं तेव्हा. कट्टा बंद होता, नाहीतर ही गोष्ट मी सगळ्यांना सांगितली असती. सांगताना थोडा भाव मीही खाल्ला असता, आओयागींचा पुतण्या असल्यासारखा.

पुढल्या वर्षी सोसायटीने शाल, नारळ आणि सन्मानचिन्ह दिलं. त्यावर माझ्या नावाआधी 'डॉ.' छापलंय. मी दुरुस्त करायला दिलं नाही. एवढ्याशासाठी कोणाला कशाला त्रास द्यायचा. ते शोकेसमध्ये आहे. त्याच्या शेजारी आणखी एक आहे, कंपनीने दिलेलं, २००९ सालचं. काचेचं, जड. 'शंभर टक्के प्रशिक्षण' असं त्यावर कोरलंय. पाहुणे विचारतात तेव्हा मी सोसायटीच्या सन्मानचिन्हाबद्दलच सांगतो.

२००९ साली एका हॉस्पिटलात आम्ही सिरिंज पंप दिले. हा पंप सिरिंजचा दांडा अगदी हळू पुढे ढकलतो. दांडा किती सरकला तेवढंच पंपाला कळतं. औषध किती गेलं हे सिरिंजच्या नळीच्या जाडीवर असतं. पन्नास एमएलच्या सगळ्या सिरिंज दिसायला सारख्या, पण कंपनीगणिक जाडीत फरक. म्हणून सुरुवातीला पडद्यावर सिरिंजची कंपनी निवडावी लागते. सगळ्या ट्रेनिंगमध्ये शिकवण्यासारखी गोष्ट म्हटली तर ही एक. बाकीचं लिफ्टलाही असतं.

बत्तीस सिस्टरांची यादी होती. शेवटच्या दिवशी एकतीस सह्या झाल्या होत्या. बत्तिसावी सिस्टर नवीन होती, सांगलीकडची, बावीस-तेवीसची. सतत नाइटला असायची, ट्रेनिंग दुपारी. ती संध्याकाळी लवकर आली आणि कॉरिडॉरमध्ये मला सापडली. तिच्या दोन्ही हातांत औषधांचा ट्रे होता. मी कागद पुढे केला. "सही तेवढी करा, सिस्टर. मी नंतर नीट समजावतो." तिने ट्रे खिडकीच्या कट्ट्यावर टेकवला, सही केली, "थँक यू, सर" म्हणाली आणि गेली. नंतर समजावायला मी गेलो नाही. मला ठाण्याची गाडी पकडायची होती.

तीन महिन्यांनी हॉस्पिटलच्या स्टोअरने सिरिंजची कंपनी बदलली. नळी किंचित जाड. त्या रात्री ती सिस्टर होती. पंपात जुनीच कंपनी निवडलेली राहिली आणि ब्लडप्रेशरचं औषध हवं त्यापेक्षा जास्त वेगाने जात राहिलं. लक्षात आणून दिलं ते मावशींनी. म्हणाल्या, "सिस्टर, ही सिरिंज रोज माझी ड्युटी सुटताना बदलता. आज पाचलाच कशी संपली?" डॉक्टर आले, प्रेशर चढलं होतं ते उतरवलं. पेशंटला काही झालं नाही. आठवड्याने घरी गेला, पेढेही देऊन गेला.

चौकशी झाली. यंत्र निर्दोष निघालं. मला बोलावलं होतं, फाइल घेऊन. ट्रेनिंग दिलं होतं का? हो. ह्यांना दिलं होतं का? मी कागद काढला. बत्तिसावी सही, तारीख, वेळ. टेबलाच्या पलीकडे ती उभी होती. तिला कोणी बसायला सांगितलं नव्हतं. तिने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. अहवालात 'मानवी चूक' असं आलं आणि तिला मेमो मिळाला. चूक मानवी होतीच. मानव कुठला, एवढंच लिहायचं राहिलं.

मी बोललो असतो तर माझी नोकरी गेली नसती. ते काचेचं सन्मानचिन्ह परत द्यावं लागलं असतं, फार तर. महिन्याभराने धीर करून मी तिला भेटायला गेलो तर तिने हॉस्पिटल सोडलं होतं.

तेव्हापासून मला एका गोष्टीचा संताप येतो आणि तो विनोदात बसत नाही. यंत्र घ्यायचं की नाही ह्यावर चार बैठका होतात. त्यांना जेवण असतं. ते चालवणाऱ्या बाईला शिकवायला पाऊण तास, दुपारी अडीचला, सकाळपाळी पेशंटांची ओव्हर देतेय आणि दुपारपाळी घेतेय अशा गर्दीत. समोसा आणि वेफर्सचं पाकीट. रात्रपाळीला तेही नाही. जी रात्री तीन वाजता एकटी त्या यंत्रासमोर उभी असते तिच्यासाठी सही पुरते. आणि काही बिघडलं की ती सही यंत्राच्या बाजूने साक्ष देते. २०१५ पासून आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद ठेवणारी सरकारी योजना आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून ती चालते. त्यात डॉक्टरच नव्हे, सिस्टरही कळवू शकतात. हा फॉर्म मी आता पहिल्या दहा मिनिटांत दाखवतो. एका कंपनीच्या साहेबांनी विचारलं, "आपल्याच यंत्राविरुद्ध तक्रार करायला शिकवता?" मी म्हटलं, "हो, तेवढं एक बटण तुमच्या मॅन्युअलमध्ये राहिलंय." हे वाक्य मला जिना उतरताना सुचलं. साहेबांसमोर मी नुसती मान हलवली होती. चौथ्या प्रकारची.

नोकरीतून आता निवृत्त झालोय. बोलावतील तिथे जातो. टाय सोडला, गळ्याला उकडतं हे कारण सांगतो. शिकवायला रात्री साडेदहाला जातो, ओव्हर आटपल्यावर. स्लाइड एकही नाही. पंप टेबलावर, बाजूला वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिरिंज, लेबलं काढलेल्या. येईल तिने सिरिंज लावायची, अलार्म वाजवून दाखवायचा, का वाजला ते सांगायचं, बंद करायचा. जमलं की सही. नाही जमलं तर वडा खायचा आणि पुन्हा. आधी वडा दिला तर सगळ्यांना पहिल्याच फटक्यात जमल्यासारखं वाटतं, हा अनुभव आहे.

मावशींनाही बसवतो. हजेरीच्या छापील कागदावर त्यांच्यासाठी रकाना नाही. मी पेनाने आखतो. मागच्या वेळी एका मावशींनी सिरिंज हातात फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "ही जाड आहे, ही बारीक. कंपनी वेगळी दिसते." सिस्टरांच्या आधी. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही शिकवायला या." त्या म्हणाल्या, "किती देतात?" मी आकडा सांगितला. "मग तुम्हीच शिकवा," म्हणाल्या.

पुढचं ट्रेनिंग गुरुवारी आहे. रात्री साडेदहाला. वडे चाळीस सांगितलेत.